हातभर डब्यातला घुमारा आणि त्याची खरखर

शहाद्याच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि घाट चढून गेले की तोरणमाळची सीताखाई. खाईच्या कड्यावर उभे राहून हाक मारायची आणि ती परत येते का ते ऐकायचे, हा तिथे जाणाऱ्यांचा ठरलेला उद्योग. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे समोरचा कडा १७० मीटरवर असेल तर हाक एका सेकंदाने परतते. तोच कडा १७ मीटरच्या आत असेल तर मूळ आवाज आणि परतलेला आवाज कानाला वेगळे काढता येत नाहीत. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि आवाजाला घुमारा येतो. गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा घुमारा पत्र्याच्या एका डब्यात ताणलेल्या दोन स्प्रिंगा तयार करतात. डबा जेमतेम ४२ सेंटीमीटरचा, म्हणजे जुन्या मापाने एक हात सुद्धा नाही.

ही युक्ती आली टेलिफोनमधून. लांब पल्ल्याच्या तारेवरून बोलताना आवाज जो उशीर करतो, तो प्रयोगशाळेत तयार करण्यासाठी अमेरिकेच्या बेल लॅबने स्प्रिंगचे एक उपकरण केले होते. १९३५ मध्ये लॉरेन्स हॅमंड यांचा विजेवरचा ऑर्गन बाजारात आला, तेव्हा गिऱ्हाइकांची एक अडचण होती: चर्चमध्ये घुमणारा ऑर्गन गालिचे-पडद्यांच्या दिवाणखान्यात कोरडा ठणठणीत वाजे. हॅमंडने बेलची स्प्रिंग उचलली. सुरुवातीचा तो अवजड सांगाडा १९६०च्या सुमारास आजच्या डब्याएवढा झाला. १९६१ मध्ये फेंडर कंपनीने तो गिटारवाल्यांसाठी वेगळ्या पेटीत घातला आणि १९६३ मध्ये थेट अ‍ॅम्पच्या पोटात.

डबा उघडून पाहण्यासारखा असतो. प्रत्येक स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना मण्याएवढे लोहचुंबक, ते तारेच्या गुंडाळीच्या फटीत अधांतरी, आणि गुंडाळीपासून बाहेरच्या सॉकेटपर्यंत केसासारख्या बारीक तारा. गिटारचा सिग्नल एका टोकाचा चुंबक पिळतो. तो पीळ स्प्रिंगमधून दुसऱ्या टोकाला पोहोचतो, तिथला चुंबक हलतो आणि पुन्हा वीज तयार होते. एका स्प्रिंगमधून जायला पिळाला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, दुसरीतून ४१. तेवढ्या वेळात आवाज मोकळ्या हवेत अनुक्रमे ११ आणि १४ मीटर गेला असता. शिवाय पीळ टोकावर आपटून मागे फिरतो, पुन्हा पुढे येतो आणि दोन-तीन सेकंद रेंगाळत विरतो. एवढे अंतर वीतभर-दोन वीत स्प्रिंगेत गुंडाळून ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्याला दाद द्यावी लागते.

पण या प्रवासात सिग्नल पार रोडावतो. डब्यातून बाहेर पडताना तो काही मिलिव्होल्टचाच उरतो, आणि मोठ्या अ‍ॅम्पच्या स्पीकरपाशी १८ व्होल्टपर्यंत जावा लागतो. काही हजारपट वाढ. त्या वाटेत कुठे गंजलेली पिन असेल, सैल सॉकेट असेल, तर तीही तितक्याच इमानाने मोठी होऊन ऐकू येते. म्हणून अ‍ॅम्पमध्ये अधूनमधून खरखर सुरू झाली की जाणकार मेकॅनिक पहिला संशय घुमाऱ्याच्या भागावर घेतो. सतत येणारा आवाज शोधणे सोपे; टेबलावर ठेवला की गप्प बसणारा आणि कार्यक्रमात बोलणारा दोष माणसाला रडवतो.

शोधायची रीत अर्धे-अर्धे करत जायची. घुमाऱ्याचे, म्हणजे रिव्हर्बचे, बटण शून्यावर आणा. खरखर थांबली तर दोष त्या बटणाच्या अलीकडे आहे. मग बटण पुन्हा वर घ्या आणि डब्यातून बाहेर येणारी केबल काढा. तरीही खरखर चालूच असेल तर डबा निर्दोष. गुन्हेगार पुढचा व्हॉल्व्ह किंवा त्याच्या आसपासचे भाग. थांबली तर डबा, केबल किंवा डब्याला सिग्नल ढकलणारा व्हॉल्व्ह. मग केबल परत लावा, अ‍ॅम्प बंद करा आणि तो ढकलणारा १२एटी७ काढून पुन्हा चालू करा. आता थांबली तर दोष त्या व्हॉल्व्हपाशी, नाही थांबली तर डबा किंवा केबल. डब्यात जाणारी केबल तेवढी उपटून वाजवत बसू नका, डब्याला सिग्नल देणारा ट्रान्सफॉर्मर बिनओझ्याचा चालतो आणि ते त्याला मानवत नाही.

फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये मागून पाहिले तर उजवीकडून तिसरा व्हॉल्व्ह ढकलणारा, चौथा उचलणारा. चौथा १२एएक्स७ मात्र फसवा आहे. त्याचे अर्धे अंग घुमारा उचलते, उरलेले अर्धे त्या चॅनेलचा सगळाच आवाज सांभाळते. तेव्हा तो बिघडला की रिव्हर्ब शून्यावर असतानाही खरखरेल आणि वरची परीक्षा तुम्हाला भलत्याच वाटेला लावेल. चालू अ‍ॅम्पमध्ये लाकडी पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलकेच टकटक करा. ‘ठण्ण’ असे स्पीकरमधून ऐकू आले तर आतले धातूचे पत्रे सैल झालेत, तो बदला.

डब्याची परीक्षा मल्टिमीटरने होते. नेहमीच्या फेंडर डब्यात आत जाणाऱ्या बाजूला एक ओहमच्या आसपास, बाहेर येणाऱ्या बाजूला साधारण २०० ओहम दिसायला हवेत. मीटर लावून ठेवूनच त्या बारीक तारा काडीने हलवायच्या. आकडा उडाला की तार सापडली. टेम्पोत सामान भरून गावोगाव जाणाऱ्या मंडळींना स्प्रिंगांचा धडाम् आवाज परिचयाचा असेल. खड्ड्यात सगळ्यात आधी कुरकुरते ती हीच तार. गुणगुण येत असेल तर केबलचे जाळीचे आवरण तुटले आहे का पाहा, किंवा डबा उलटा बसवून उचलणारे टोक मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला आले आहे का, तेही.

इथवर सगळे बाहेरून झाले. चासी उघडायची तर आधी हे वाचा: ट्विनसारख्या अ‍ॅम्पमध्ये साडेचारशे व्होल्टच्या आसपास वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहते. रेझिस्टरमधून ती उतरवा, मीटरवर शून्य पाहा, मगच हात घाला. ज्याला याची सवय नाही त्याने हे काम जाणकाराकडे द्यावे. आत बहुतेक वेळा सापडतो तो व्हॉल्व्हच्या प्लेटला लागलेला १०० किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टर. तापला की तडतडतो, थंड झाला की शहाण्यासारखा वागतो. ड्राय सोल्डरचेही तसेच.

सगळ्यात शेवटी संशय जातो तो बोर्डावर, कारण त्याच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही. जुन्या फेंडरमध्ये भाग बसवलेला काळा फायबर बोर्ड मेणात बुडवलेला असतो आणि वर्षानुवर्षे ओल शोषतो. पावसाळ्यात त्यातूनच थोडी वीज पाझरू लागते. सवय असलेला मेकॅनिक चालू अ‍ॅम्पमध्ये, एक हात खिशात ठेवून, मीटरची काडी कोऱ्या बोर्डावर टेकवतो आणि तिथे काही व्होल्ट दिसले तर उत्तर मिळाले. केस वाळवायच्या यंत्राने बोर्ड सुकवला की खरखर जाते आणि पुढच्या आषाढात परत येते. कायमचा उपाय म्हणजे वीज पाझरते त्या जागेचा जोड बोर्डावरून उचलून हवेत अधांतरी सोल्डर करणे.