श्रद्धेचा ताळा

इतिहासाने धर्मग्रंथाला हात लावला की श्रद्धा दुखावणारच, असे हल्ली वादाआधीच गृहीत धरतात. जुन्या पोथीतल्या पाठभेदाविषयी कोणी बोलले, तर पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही कोणत्या बाजूचे?' पुराव्याची चौकशी मागाहून, झालीच तर!

मराठी माणसाला हे शोभत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ. स. १२९०ची. पुढे तीनशे वर्षे नकलांवर नकला झाल्या, शब्द बिघडले. तेव्हा शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथमहाराजांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. ज्ञानदेवांवर जीव टाकणाऱ्या भक्ताचेच हे काम. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो, ती याच शुद्धीकरणाची तिथी!

१९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी वेगळ्या पाठाची प्रत छापली. वाद झाले, पण पारायणे काही थांबली नाहीत.

बँकेत आम्ही रोज संध्याकाळी रोकड मोजत असू. त्यात रोखपालाचा अपमान नसे. ठेव लोकांची, म्हणून ताळा घ्यायचा. पोथीही अशीच पिढ्यांची ठेव आहे. ओवी कोणत्या प्रतीत आहे, हे इतिहासाने सांगावे. ती वाचून डोळे का भरतात, हे त्याला विचारू नये. ही दोन खाती वेगळी ठेवली, तर घरातल्या मुलांना प्रश्न विचारायला भीती वाटणार नाही, आणि आजीलाही हातातली पोथी मिटावी लागणार नाही.