पारखणाऱ्याची पारख

माठ विकत घेताना घरातील जाणती माणसे त्याला टिचकी मारून पाहतात. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला भाजलेला आहे, आणि बद्द आला तर कोठेतरी तडा गेला आहे, असे ती समजतात. ही पारख सोपी आहे. कारण माठ आपल्या हाती असतो आणि कानही आपलाच असतो. परंतु पुष्कळदा वस्तू दूर असते व तिच्याविषयी दुसऱ्याने दिलेला अभिप्राय तेवढा आपल्यापुढे असतो. अशा वेळी वस्तूची नव्हे, तर त्या अभिप्रायाचीच पारख करावी लागते. ती कशी करावी, हे आपण एका वाद्याच्या उदाहरणाने पाहू.

बेस गिटार हे ते वाद्य होय. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली व पुढे तिचा प्रसार जगभर झाला. तिला बहुधा चार जाड तारा असतात. इतर वाद्ये सुरावट रंगवीत असता ती खर्जातून त्यांना आधार देते. नेहमीच्या जुळणीत तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते.

समजा, एका मुलीने वर्षभर पैसे साठवून अशी गिटार घेण्याचे ठरविले आहे. एक परीक्षक म्हणतो, 'हिचा आवाज अप्रतिम आहे!' दुसरा म्हणतो, 'ही अगदी टाकाऊ आहे.' त्या मुलीने कोणावर विश्वास ठेवावा? कोणाचा शब्द गोड आहे हे न पाहता, कोणी आपल्या मताचा आधार सांगितला आहे, हे तिने प्रथम पाहावे. तारा नव्या असल्या म्हणजे आवाज झळझळीत येतो. जुन्या झाल्या म्हणजे तो मंदावतो. बोटांनी छेडलेला स्वर निराळा, नखीने छेडलेला निराळा. ध्वनिवर्धक बदलला की आवाजही बदलतो. शिवाय, मोबाइलमधील लहानसा स्पीकर ४१ कंपनांचा स्वर जवळजवळ उमटवीतच नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला कान तो जाणून घेतो. म्हणून वाद्य कसे वाजविले आणि कशावर ऐकले, हे न सांगता दिलेला निर्णय अपुराच समजावा.

दुसरा प्रश्न हितसंबंधाचा. ज्याने गिटार स्वतःच्या पैशाने घेतली तो, आणि ज्याला ती कारखानदाराकडून फुकट मिळाली तो, यांची स्थिती सारखी नसते. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी मनुष्य खरे बोलणारच नाही, असे मात्र नव्हे. त्याने ती गोष्ट उघड सांगितली, तर वाचक आपला हिशेब आपण करू शकतो. लपविली, तर वाचकाची फसवणूक होते. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक प्रसिद्ध केले. पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात बजावलेले आहे.

तिसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. मनात लबाडी नसतानाही मोठ्या नावाने माणूस दिपून जातो. इटलीतील स्त्रादिव्हारी या कारागिराची व्हायोलिने फार नावाजलेली आहेत. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ वादकांच्या हाती सहा व्हायोलिने देण्यात आली : तीन जुनी व तीन नवी. कोणते व्हायोलिन कोणते हे ओळखू येऊ नये, म्हणून खोलीत अंधुक प्रकाश ठेवला होता आणि वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे होते. आपल्याजवळ ठेवण्यासाठी एक निवडा, असे सांगितले असता २१ पैकी १३ जणांनी नवे व्हायोलिन निवडले! यावर काहींनी आक्षेप घेतला, की लहान खोलीत थोड्या वेळात अशी पारख होत नाही. संशोधकांनी तो मनावर घेतला. २०१२ साली पॅरिसजवळ त्यांनी १० नामवंत वादकांना अधिक वेळ दिला आणि सभागृहातही वाजवू दिले. तेव्हाही सहा जणांनी नवीच व्हायोलिने पसंत केली. एवढ्यावरून जुनी वाद्ये वाईट ठरत नाहीत. परंतु आपण आवाजाला मान देतो की नावाला, हे आपले आपल्यालाही नेहमी कळत नाही, एवढे खास. आक्षेप ऐकून पुन्हा परीक्षा घेणाऱ्या त्या संशोधकांची वृत्तीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शेवटी तुलना पाहावी. स्वस्त गिटारीची तुलना तेवढ्याच किमतीच्या गिटारीशी केली पाहिजे. महागड्या गिटारीशी केल्यास तिच्यावर अन्याय होतो. नवशिक्याला हलके वाद्य सोयीचे वाटेल, तर मैफलीतील वादकाची गरज वेगळी असेल. हे वाद्य कोणासाठी चांगले, हे सांगणारा आणि गुणांबरोबर दोषही दाखविणारा परीक्षक अधिक विश्वासार्ह होय.

मुलांनो, उद्या तुम्हीही एखाद्या वस्तूविषयी, पुस्तकाविषयी वा नाटकाविषयी अभिप्राय द्याल. तुमच्या खोट्या स्तुतीने कोणाची तरी वर्षाची शिल्लक वाया जाईल. तुमच्या अविचारी निंदेने एखाद्या प्रामाणिक कारागिराचे गिऱ्हाईक तुटेल. म्हणून जे स्वतः पाहिले, ऐकले आणि वापरले तेवढेच लिहावे. ते कसे पाहिले हेही लिहावे, आणि चूक कोणी दाखविली तर पुन्हा पाहण्याची तयारी ठेवावी.