अल्पखर्ची स्वयंचलन आणि बाटलीबंद पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तथापि सच्छिद्र जांभ्यातून व डोंगरउतारावरून ते पाणी त्वरेने निघून जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा प्रदेशात पाणी शुद्ध करून बाटल्यांत व २० लिटरांच्या जारांत भरणारे लहान उद्योग निघावेत, हे स्वाभाविकच होय. मोठी यंत्रमालिका त्यांच्या आवाक्याबाहेरची असते. तेव्हा थोड्या खर्चात कोणते काम यंत्रावर सोपवावे, हा प्रश्न उरतो.

'स्वयंचलन' या शब्दात चालण्याचा अर्थ प्रधान आहे. त्यामुळे माणसाच्या हातांची जागा घेणे हेच त्याचे कार्य, असा समज होतो. वस्तुतः बाटली लावणे, झाकण बसवणे ही कामे माणूस नीट करतो. तो चुकतो तो अखंड लक्ष ठेवण्यात.

भरणीचेच उदाहरण घ्यावे. घटिकापात्र पाण्यावरून काळ मोजी. २४ मिनिटांत ते भरून बुडे. कालमापक लावलेली झडप याच्या उलट, काळावरून पाणी मोजते. परंतु उंच टाकीतून येणाऱ्या पाण्याचा वेग ढोबळमानाने पातळीच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. पातळी चतुर्थांशावर आली की वेग निम्मा होतो व तेवढ्याच वेळात बाटली अर्धीच भरते. यावरील उपाय घरोघरी ठाऊक असलेला बॉलकॉक होय. मधल्या लहान टाकीत तो बसवला की पातळी स्थिर राहते, आणि त्यास वीजही लागत नाही.

याहून मोलाचे काम थांबवण्याचे. जंतुनाशक अतिनील दिवा विझला तरी पाणी पूर्ववत निर्मळच दिसते. म्हणून दिव्याचा प्रकाश मोजणारा संवेदक भरणीच्या झडपेशी जोडावा. प्रकाश मंदावताच झडप मिटली पाहिजे. झडपही विजेने उघडणारी व वीज जाताच स्प्रिंगने मिटणारी असावी. बिघाड झाला तर भरणी बंद पडावी, सदोष पाणी पुढे जाऊ नये, हे येथील तत्त्व आहे.

या साधनांना मर्यादाही आहे. भारतीय मानक १४५४३ नुसार विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमांहून अधिक नसावेत आणि २५० मिलिलिटर नमुन्यात 'ई. कोलाय' जंतू मुळीच नसावा. पहिली गोष्ट क्षारमापक क्षणात दाखवतो. दुसरीसाठी नमुना प्रयोगशाळेत उबवूनच पाहावा लागतो. सबब यंत्राने वाचवलेला पैसा प्रथम या तपासणीवर खर्च होणे इष्ट होय.