गर्दीत आधी कुठे बघायचं? हे ठरवणारी चिप

कार्तिकी वारीत आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर कधी उभे राहिला आहात? भगव्या पताका, टाळांचा गजर, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, पायऱ्यांवरून पाण्यात उतरणारी माणसं. मी तिथे फोनवर व्हिडिओ काढत होतो. काठावर एक मुलगा घसरला, ते मला दिसलंच नाही. शेजारच्या आजी ओरडल्या, तेव्हा लोकांनी त्याला धरलं. माझी नजर पताकांवर होती, आणि फोनचा फोकससुद्धा!

असं का होतं? हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. बाकी ठिकाणी काही चमकलं, हललं की नजर तिकडे उडी मारते.

फोन मात्र प्रत्येक पिक्सेलचा आकडा करतो आणि प्रोसेसर ते लाखो आकडे तपासत बसतो. बॅटरी तिथेच जाते.

मग डोळ्यासारखी चिप बनवली तर?

१९८५ मध्ये क्रिस्टॉफ कॉख आणि शिमॉन उलमन यांनी कल्पना मांडली की, मेंदू दृश्याचा एक नकाशा करत असावा. जी जागा आजूबाजूपेक्षा वेगळी, तिला जास्त गुण. सगळ्यात जास्त गुण जिथे, तिथे लक्ष.

ही निवड करणारं सर्किट १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये जॉन लझारो, मिशा महोवाल्ड, कार्व्हर मीड आदींनी मांडलं. प्रत्येक जागेसाठी फक्त दोन ट्रान्झिस्टर आणि सगळ्यांना जोडणारी एक सामायिक तार. गुण म्हणजे इथे आकडा नाही, थेट विद्युतप्रवाह. ज्याचा प्रवाह सगळ्यात मोठा, तो तारेवरचा व्होल्टेज ठरवतो आणि त्यामुळे बाकीच्यांचं आउटपुट आपोआप बंद पडतं. एकेकाची तुलना करायची गरजच नाही!

पण मग नजर तिथेच अडकेल ना? म्हणून पुढच्या चिप्समध्ये जिंकलेल्या जागेला थोड्या वेळाने दाबून टाकायची सोय आली. मग दुसऱ्या क्रमांकाची जागा जिंकते आणि लक्ष पुढे सरकतं. झुरिकच्या जाकोमो इंदिवेरी यांनी अशा चिप्सवर बरंच काम केलं.

अडचणी आहेतच. दोन ट्रान्झिस्टर कधीच हुबेहूब सारखे बनत नाहीत, तापमानानेही प्रवाह बदलतो. डिजिटलमध्ये ० आणि १ यांत मोठं अंतर असल्याने असा फरक पचतो. ॲनालॉगमध्ये तो थेट उत्तरात उतरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही चिप उठून दिसणारी गोष्ट निवडते, महत्त्वाची नाही. बुडणारा माणूस बऱ्याचदा ओरडतही नाही, हातही हलवत नाही. फडकणारी पताका त्याला सहज हरवेल. त्यामुळे घाटावर असा कॅमेरा लावायचा, तर 'काय शोधायचं' हे चिपला वरून सांगावंच लागेल. त्या आजींना ते आधीच माहीत होतं.