तांबड्या पेशी आणि एक चुकलेले अक्षर

हिवतापावर एक गोळी देतात. तिचे नाव प्रायमाक्वीन. पुष्कळ माणसे ती घेतात. ताप जातो, माणूस कामाला लागतो. एखाद्याचे मात्र वेगळेच होते. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. डोळे पिवळे दिसू लागतात. पाठ दुखते, दम लागतो, अंगात त्राण उरत नाही. घरचे घाबरतात. कुणी म्हणते, "ताप अंगात मुरला." कुणी म्हणते, "बाहेरचं काहीतरी लागलं." कुणी डॉक्टरलाच शिव्या देतो.

मंडळी, यात बाहेरचे काही नाही. जे आहे ते त्या माणसाच्या रक्तात आहे, आणि जन्मापासूनच आहे. ते काय आहे, ते आपण नीट समजून घेऊ.

आपले रक्त तांबडे दिसते ते त्यातल्या तांबड्या पेशींमुळे. या पेशी फार बारीक असतात. साध्या डोळ्यांना त्या दिसायच्या नाहीत. छातीत घेतलेल्या हवेतला प्राणवायू त्या अंगभर पोचवतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. मग ती मोडते आणि तिच्या जागी नवी येते.

पण प्राणवायूजवळ राहणे सोपे नाही. विळा उघड्यावर टाकला की गंजतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणून आपण त्याला तेलाचा हात लावून ठेवतो. तांबड्या पेशीलाही असाच एक प्रकारचा गंज चढू पाहतो. त्यापासून वाचवणारा पदार्थ ती आतल्या आत साखरेपासून बनवते. हे काम एका विकराच्या मदतीने होते.

विकर म्हणजे काय? भाकरीचा घास बराच वेळ चावत राहा. तो गोडसर लागू लागतो. लाळेतले विकर पिठाची साखर करते, म्हणून तो गोड लागतो. शरीरात अशी हजारो विकरे आहेत, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. गंज अडवणाऱ्या या विकराला डॉक्टर लोक जी-सिक्स-पी-डी म्हणतात. नाव अवघड आहे खरे, पण ते लक्षात ठेवा. दवाखान्यात उपयोगी पडेल.

काही माणसांत हे विकर कमी असते. एरवी त्यांचे काही अडत नाही. ती नांगर धरतात, ओझी वाहतात, म्हातारी होतात. आपल्यात काही उणे आहे, हे पुष्कळांना जन्मभर कळतही नाही. पण प्रायमाक्वीनसारखे औषध पोटात गेले की पेशीवर गंजाचा मारा एकदम वाढतो. विकर पुरे पडत नाही. पेशी भराभर फुटतात. त्यांच्यातला तांबडा रंग लघवीतून बाहेर पडतो, म्हणून लघवी काळपट होते.

हे कोडे सुटले अमेरिकेत. इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना हिवतापाची औषधे देऊन पाहत असत. (कैद्यांवर असे प्रयोग करणे आज कुणी बरे म्हणणार नाही, आणि आम्हीही म्हणत नाही.) काही कैद्यांना गोळी सोसत नाही, असे दिसून आले. मग संशोधकांनी अशा माणसाच्या तांबड्या पेशींना खूण केली आणि त्या दुसऱ्या, गोळी सोसणाऱ्या माणसाच्या अंगात घातल्या. त्याला गोळी दिली, तर खूण केलेल्या पेशी फुटल्या. त्याच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या! म्हणजे दोष पेशीतच होता. १९५६ साली त्या पेशीतले उणे सापडले. ते हेच विकर.

आता पुढचा प्रश्न. विकर कमी का पडते?

तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात, तेव्हा हे तुम्हांला चटकन कळेल. विकर कसे बनवायचे, हे शरीरात जणू लिहून ठेवलेले असते. त्या लिखाणाला जनुक म्हणतात. या लिपीत अक्षरे फक्त चार आहेत. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द होतो. एका शब्दाला एक मणी, असे मणी ओवत विकराची माळ तयार होते. आपल्या या विकराच्या माळेत ५१५ मणी असतात.

आता कल्पना करा, कुणी लिहून दिले, "चार वाट्या पीठ घ्या," आणि नकलून घेताना "प" चा "म" झाला. चार वाट्या मीठ! एका अक्षराने भाकरीची काय गत होईल?

असेच एक चुकलेले अक्षर आपल्या जवळच, कल्याणच्या नावाने नोंदलेले आहे. १९८४ साली मुंबईच्या शास्त्रज्ञांनी एका कोळी कुटुंबात या विकराचा एक निराळा प्रकार आढळल्याचे लिहिले. त्याला "कल्याण" हे नाव पडले. केरळात सापडलेला एक प्रकार त्याआधीच ठाऊक होता. पुढे १९९२ साली दोघांचे लिखाण ताडून पाहिले, तेव्हा चूक एकच निघाली. ९४९ वे अक्षर बदलले होते. हिशेब करून पाहा. ३१६ शब्दांची अक्षरे होतात ९४८. म्हणजे ९४९ वे अक्षर हे ३१७ व्या शब्दाचे पहिले अक्षर. त्यामुळे ३१७ वा मणी बदलला, बाकी माळ तशीच राहिली. एवढ्यानेच विकर उणे पडले. ओडिशातल्या आदिवासींत आढळणारी चूक आणखी वेगळी आहे. ती १३१ व्या अक्षरात, म्हणजे ४४ व्या शब्दात आहे. पारशी समाजातही हा दोष बराच दिसतो.

जगात सुमारे ४० कोटी लोकांत हे उणेपण असावे, असा अंदाज आहे. इतके का? जिथे पूर्वापार हिवताप आहे, तिथेच हा दोष जास्त आहे. असे रक्त असले की हिवतापाचा जोर काहीसा कमी पडतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

हे लिखाण आईबापांकडून मुलांना मिळते. बाईजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, पुरुषाजवळ एकच. बाईची एक प्रत चुकलेली असली तरी दुसरी बरेचसे निभावून नेते. पुरुषाला दुसरी प्रतच नाही, म्हणून त्रास पुरुषांत अधिक दिसतो. मुलाला ही प्रत आईकडूनच मिळते, बापाकडून कधीच नाही. म्हणून मामाला होते तेच भाच्यात निघाले, असे पुष्कळदा घडते. मग घरात सुनेला बोल लावतात, "तुझ्या माहेरचं आलं." हे बोलणे आम्हांला मुळीच पटत नाही. तिलाही ते तिच्या आईकडून किंवा बापाकडून आले, आणि तेही कुणी मागून घेतले नव्हते.

सर्वांत जपायचे ते तान्ह्या मुलाला. अशा मुलाला जन्मल्यावर थोड्या दिवसांत जोराची कावीळ होऊ शकते. ती फार वाढली तर मेंदूला इजा होते, कान जातात. बाळ पिवळे दिसले की उन्हात धरून वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तिथे खास दिव्याखाली ठेवून कावीळ उतरवतात. आणि ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली कापडे, दुपटी बाळाच्या अंगाला लावू नका. त्या गोळ्यांच्या वासानेसुद्धा अशा मुलाच्या पेशी फुटतात.

महारोगावरचे डॅप्सोन आणि लघवीच्या जळजळीवरचे नायट्रोफ्युरॅन्टॉइन हीही जपून घ्यायची औषधे आहेत. बाकल्याच्या शेंगांतले दाणेही अशा माणसाने खाऊ नयेत.

पण हे वाचून कुणी प्रायमाक्वीन उकिरड्यावर टाकू नका! एका जातीच्या हिवतापाचे जंतू काळजात, म्हणजे यकृतात, लपून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना ही गोळी मारते. बहुतेकांना ती सोसते. ज्यांना सोसत नाही, त्यांनाही डॉक्टर आपल्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदाच, असे आठ आठवडे देऊ शकतात. आपण फक्त एवढेच विचारायचे, "डॉक्टरसाहेब, माझं जी-सिक्स-पी-डी तपासलंय का?" तपासणीला रक्ताचे काही थेंब पुरतात. एका रीतीत ते औषधात मिसळून खास उजेडाखाली धरतात. विकर पुरेसे असेल तर डाग चमकतो, नसेल तर चमकत नाही.

गोळी घेताना लघवी काळी झाली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा, आणि उरलेल्या गोळ्या बरोबर न्याव्या. मात्र नुकत्याच पेशी फुटल्या असतील, तर तपासणी फसू शकते. विकर कमी असलेल्या जुन्या पेशी आधी फुटून जातात, ताज्या पेशींत ते त्यामानाने जास्त असते, आणि सगळे ठीक आहे असे दिसते. अशा वेळी सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून घ्यावे.