वहीत नसलेले भांडवल

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हिशेबशास्त्रावरचा लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. जमाखर्च, ताळेबंद, नफातोटा हे शब्द वाणिज्य शाखेचे. आपण कविता वाचाव्यात, इतिहास वाचावा, फार तर मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा काढाव्यात, अशी आपली समजूत असते. माझीही होती. ती एका कागदाने मोडली. तो कागद माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने तयार केला होता, आणि त्यामुळे सहा माणसांचे काम गेले.

माझे वडील एका औद्योगिक वसाहतीतल्या लहानशा कारखान्यात हिशेबनीस होते. कारखान्यात दोन प्रकारचा माल निघे. पहिला, शेतीपंपांचे पंखे. हे काम हाताचे. कानशीने घासून, तोल साधून प्रत्येक पंखा तयार करावा लागे आणि त्यात सहा जुने फिटर तरबेज होते. दुसरा माल म्हणजे लेथवर निघणारे निरनिराळ्या मापांचे बुश. ते गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार थोडे थोडे काढायचे. मी अकरावीत असताना मालकांनी बाबांना विचारले, "कोणता माल परवडतो, कोणता नाही, ते कागदावर दाखवा." बाबांनी दाखवले. पंख्यांत तोटा आणि बुशांत नफा निघाला. तीन महिन्यांत पंख्यांचे काम बंद झाले.

वाटणीचा घोळ

त्या कागदात बेरजेची चूक नव्हती. चूक वाटणीत होती. ती समजण्यासाठी आपण आकडे सोपे करून घेऊ.

समजा, कारखान्याचा महिन्याचा वरकड खर्च 1,00,000 रुपये आहे. वरकड खर्च म्हणजे कोणत्याही एका वस्तूच्या नावावर थेट टाकता येत नाही असा खर्च: भाडे, देखरेख, तपासणी, कार्यालय, यंत्रांची जुळवाजुळव. कच्चा माल आणि मजुरी वजा जाता पंख्यांतून 70,000 आणि बुशांतून 45,000 रुपये उरतात. आता वरकड खर्च दोघांवर कसा वाटायचा? रूढ पद्धत अशी की मजुरीच्या तासांच्या प्रमाणात वाटावा. पंखे हाताने होतात, म्हणून 100 तासांपैकी 80 तास त्यांचे आणि 20 बुशांचे. त्यामुळे पंख्यांवर 80,000 आणि बुशांवर 20,000 रुपये पडले. निष्कर्ष, पंख्यांत 10,000 तोटा, बुशांत 25,000 नफा.

पण हा खर्च होतो कशामुळे, हे विचारले तर चित्र पालटते. समजा, त्यातले 60,000 रुपये यंत्रांचे सेटिंग आणि मालाची तपासणी यांवर जातात. महिन्याला 40 वेळा सेटिंग बदलावे लागते आणि त्यांपैकी 30 वेळा ते बुशांसाठी असते, कारण त्यांच्या मागण्या लहान आणि मापे वेगवेगळी. म्हणजे या 60,000 पैकी 45,000 बुशांचे आणि 15,000 पंख्यांचे. उरलेले 40,000 तासांप्रमाणे वाटले तर पंख्यांवर 32,000 आणि बुशांवर 8,000 येतात. आता बेरीज करा. पंख्यांचा वरकड खर्च 47,000, म्हणजे नफा 23,000. बुशांचा वरकड खर्च 53,000, म्हणजे तोटा 8,000. कारखान्याचा एकूण नफा दोन्ही हिशेबांत 15,000 च. फक्त गुन्हेगार बदलला!

आमच्या ओळखीच्या त्या कारखान्यात पुढे काय झाले ते ओघानेच आले. पंखे बंद झाले, तरी भाडे आणि देखरेख तशीच राहिली. तो सारा भार बुशांवर आला आणि वर्षभरात बुशही तोट्यात दिसू लागले.

एका पुस्तकाचा आरोप

हा घोळ आमच्या एका कारखान्यापुरताच असेल, असे मला वाटले होते. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात परिव्यय लेखा आणि व्यवस्थापकीय लेखाशास्त्र या विषयांची पुस्तके चाळली, तेव्हा कळले की हा प्रश्न जगभर गाजलेला आहे. 1987 साली अमेरिकेत एच. थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी 'रेलेव्हन्स लॉस्ट' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे: व्यवस्थापकाला निर्णयासाठी लागणारे हिशेबाचे तंत्र कापडगिरण्या, रेल्वे आणि पोलाद कारखाने यांच्या गरजेतून वाढले, आणि 1925 च्या सुमारास ते जवळजवळ पूर्ण झाले. त्यानंतर मात्र हिशेब मुख्यतः भागधारकांना दाखवायच्या ताळेबंदासाठी होऊ लागला. कारखान्यांत यंत्रे वाढली, मालाचे प्रकार वाढले, मजुरीचा वाटा घटला, पण वरकड खर्च जुन्याच तासांच्या मापाने वाटला जात राहिला.

या टीकेतून संशोधनाला नवी दिशा मिळाली. रॉबिन कूपर आणि कॅप्लन यांनी कृतीवर आधारित परिव्यय पद्धत मांडली. खर्च वस्तूमुळे होत नाही, वस्तूसाठी कराव्या लागणाऱ्या कृतींमुळे होतो, हे तिचे सूत्र. वर मी केलेला दुसरा हिशेब त्याच पद्धतीचा. पुढे 1992 साली कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी 'बॅलन्स्ड स्कोअरकार्ड' म्हणजे समतोल गुणपत्रिका सुचवली. केवळ नफा पाहू नका. ग्राहक काय म्हणतो, आतले काम कसे चालते, माणसे नवे काय शिकतात, हेही मोजा, असा तिचा आग्रह.

संशोधनाचा दुसरा प्रवाह आपल्या कला शाखेला अधिक जवळचा आहे. इंग्लंडमधील प्राध्यापक अँथनी हॉपवूड यांनी 1976 साली 'अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन्स अँड सोसायटी' हे नियतकालिक सुरू केले. हिशेब हा आरसा नाही, अशी या प्रवाहाची भूमिका. आरसा समोरच्या वस्तूला बदलत नाही. हिशेब बदलतो. ज्याला आकडा मिळतो ते साहेबांच्या टेबलावर पोहोचते, ज्याला मिळत नाही ते दाराबाहेर राहते. म्हणून या अभ्यासात समाजशास्त्र आणि इतिहास शिकलेले लोकही उतरले. माझ्या बाबांच्या कागदाने वास्तव दाखवले नाही, घडवले, हे मला येथे प्रथम उमजले.

सहा भांडवले

समजा, बाबांनी योग्य पद्धत वापरली असती. मग पंखे वाचले असते. तरी एक प्रश्न उरतोच. सहा फिटरांच्या बोटांत वीस वीस वर्षांचे कसब होते. पंखा हातात धरून फिरवला की तोल कुठे गेला ते त्यांना कळे. ताळेबंदात लेथ होती, तिची घसाऱ्यासह किंमत होती. हे कसब कोठेच नव्हते. ते फक्त मजुरी म्हणून खर्चाच्या बाजूला होते. लेथ विकली असती तर वहीत नोंद झाली असती. माणसे गेली तेव्हा वहीने एक खर्च कमी झाल्याचे सांगितले.

एकात्मिक अहवालाची कल्पना नेमकी या जागी येते. तिला बळ मिळाले दक्षिण आफ्रिकेत. न्यायमूर्ती मर्विन किंग यांच्या समितीच्या 2009 सालच्या तिसऱ्या अहवालाने कंपन्यांनी आर्थिक आणि सामाजिक माहिती एकत्र मांडावी असे म्हटले. त्यानंतर जोहान्सबर्गच्या शेअरबाजाराने नोंदलेल्या कंपन्यांना असा अहवाल देण्यास, अथवा का देत नाही ते सांगण्यास भाग पाडले. 2010 साली यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि डिसेंबर 2013 मध्ये तिने आपला आराखडा प्रसिद्ध केला.

या आराखड्यात भांडवल सहा प्रकारचे मानले आहे: पैशाचे, यंत्रे आणि इमारती यांचे, ज्ञानाचे, माणसांच्या कसबाचे, समाजाशी असलेल्या नात्याचे, आणि निसर्गाचे. उद्योग ही भांडवले वापरतो, काही वाढवतो, काही झिजवतो. आज नफा दाखवताना कोणते भांडवल झिजले, हे एकाच अहवालात सांगावे, अशी अपेक्षा आहे. सहाही भांडवलांचे रुपयांत मोल करा असा आग्रह मात्र नाही. कसब कोणत्या दराने मांडावे हे कोण सांगणार? पण ते आहे, कमी झाले की वाढले, एवढे तरी शब्दांत यावे.

निसर्गाच्या बाबतीत तर रुपयांतही पुष्कळ मांडता येते. जर्मनीत उगम पावलेली आणि जपानमध्ये रुळलेली पदार्थ-प्रवाह परिव्यय पद्धत याचे चांगले उदाहरण आहे. 2011 साली तिच्यासाठी आयएसओ 14051 हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. लेथवर 100 किलो लोखंड गेले, 70 किलोचा माल निघाला आणि 30 किलो कीस पडला. रूढ हिशेब सगळा खर्च 70 किलोवर टाकून मोकळा होतो. ही पद्धत किसालाही एक वस्तू मानते आणि त्याच्या वाट्याचे लोखंड, वीज आणि मजुरी त्याच्या नावावर लिहिते. भंगाराच्या भावाने विकला जाणारा कीस प्रत्यक्षात किती महाग पडला, ते पाहून मालकच दचकतो!

आपल्याकडे काय?

आपल्याकडे सेबीने 2012 साली शेअरबाजारातल्या सर्वांत मोठ्या 100 कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल बंधनकारक केला. फेब्रुवारी 2017 मध्ये पहिल्या 500 कंपन्यांनी स्वेच्छेने एकात्मिक अहवाल द्यावा असे सुचवले. 2021 साली जबाबदारी आणि शाश्वतता यांचा नवा, विस्तृत नमुना आला आणि 2022-23 या वर्षापासून तो पहिल्या 1000 कंपन्यांना लागू झाला. कंपनीने पाणी किती वापरले, कचरा किती केला, कामावर अपघात किती झाले, स्त्री आणि पुरुषांना वेतन काय मिळते, किती माणसे सोडून गेली, हे त्यात सांगावे लागते. आपल्यापैकी कोणालाही हे अहवाल कंपन्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी यापेक्षा चांगली सामग्री क्वचितच मिळेल, हे मी माझ्या वर्गबंधूंना मुद्दाम सांगते.

पण यावर विश्वास किती ठेवावा?

संशोधकांत याबद्दल एकमत नाही. जॉन फ्लॉवर या अभ्यासकाने 2015 साली लिहिलेल्या निबंधात एकात्मिक अहवालाच्या परिषदेची वाटचाल ही अपयशाची कहाणी ठरवली. त्याचा आक्षेप सरळ आहे. आराखडा मूल्य म्हणतो ते प्रामुख्याने गुंतवणूकदाराच्या दृष्टीचे. कारखान्याने नदी बिघडवली, पण त्याचा कारखान्याच्या भवितव्यावर परिणाम होणार नसेल, तर ते सांगण्याचे बंधन कोठे आहे?

हाच वाद आज मोठ्या पटावर चालू आहे. एकात्मिक अहवालाचा आराखडा 2022 पासून आयएफआरएस प्रतिष्ठानकडे आला. त्याच प्रतिष्ठानच्या शाश्वतता मंडळाने जून 2023 मध्ये आपली पहिली दोन मानके काढली. तीही गुंतवणूकदाराला काय कळायला हवे, येथून सुरू होतात. युरोपीय संघाने 2022 च्या अखेरीस केलेल्या कायद्यात दोन्ही बाजू मागितल्या: जगाचा कंपनीवर होणारा परिणाम आणि कंपनीचा जगावर होणारा परिणाम. 2025 मध्ये मात्र उद्योगांवर भार फार पडतो या कारणाने त्याची व्याप्ती कमी करण्याचा प्रस्ताव तेथेच पुढे आला. आणखी एक दिशा आहे: अहवाल गुळगुळीत कागदावर छापला जातो, पण आतल्या बैठकीत निर्णय घेताना त्यातला आकडा कोणी पाहतो का? यासाठी संशोधक आता कार्यालयांत जाऊन बसतात आणि माणसांशी बोलतात.

मला वाटते, सर्व वादाचे मर्म यातच आहे. अहवाल बाहेरच्यांसाठी आणि हिशेब आतल्यांसाठी, अशी फारकत राहिली तर सहा भांडवले ही केवळ सहा प्रकरणे होतील. बाबांच्या कारखान्याला असा अहवाल लागू नव्हता. आजही इतक्या लहान कारखान्याला लागू नाही. तेथे उपयोगी पडला असता तो एकच साधा प्रश्न: या कागदात काय आलेले नाही?

हा लेख लिहिण्यापूर्वी मी दुसऱ्या पद्धतीचा हिशेब बाबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आकडे माझेही खरेच होते गं. पण तासांवरच का वाटायचे, हे मी विचारलं नाही. मला तसं शिकवलं होतं."

प्रश्न विचारायला शिकवणे हे तर आपल्या शाखेचे काम. इतिहासाचा विद्यार्थी बखर वाचताना ती कोणी, कोणासाठी लिहिली आणि काय वगळले हे पाहतो. ताळेबंदही तसाच वाचता येतो. त्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. त्या सहा फिटरांपैकी एक काका आता बाजारात कुलपे दुरुस्त करतात. परवा आमचे कुलूप त्यांनी हातात घेतले, कानाजवळ नेऊन किल्ली फिरवली आणि दोष कुठे आहे ते सांगितले. दहा रुपये घेतले. ते भांडवल अजून शाबूत आहे. त्याची नोंद मात्र आता कोणाच्याच वहीत नाही.