डोंबिवलीच्या फलाटावरची संख्या

लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या तलावाकाठी चिक्कीचा रिकामा खोका उलटा करून भाचीने त्यावर गुणाकार मांडला: १११ गुणिले १११. तीन ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज १२३२१. "मामा, उलटं वाचलं तरी तेच!"

"आता नऊ एके घे," म्हटलं. खोका आडवा धरावा लागला. १११११११११ च्या नऊ ओळी पायऱ्यांसारख्या तिरक्या उतरल्या. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन. बरोबर मधल्या घरात नऊच्या नऊ आणि तिथून पुन्हा एकेक कमी. हातचा कुठेच नाही. उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१.

अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना जीआयपी रेल्वेच्या त्या स्टेशनवर सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव संख्यांना दिलं. तीच लाइन पुढे बोरघाट चढून लोणावळ्याला येते. डहाणूत १९०५ साली जन्मलेले कापरेकर फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर गाजला. माझा जीव मात्र या डोंबिवलीकर संख्येवर जास्त आहे.

ती मोठ्याने वाचायची तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थानांची नावं घ्यावीत: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी... आणि तशीच उतरत एककातल्या एकापर्यंत. पुढचं स्थान परार्ध, तिथे 'लीलावती'ची यादी संपते.

भाचीला दहा एके घ्यायचे होते. घेतले, आणि मधल्या घरात दहा जमले. ० लिहून हातचा एक शेजारच्या नवावर गेला, त्याचेही दहा झाले, तिथला हातचा आठावर. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गडप!

ती पुन्हा नऊ एक्यांकडे वळली. अंकांची बेरीज करायला सांगितली: चढताना एक ते आठ छत्तीस, उतरताना छत्तीस, मधले नऊ. ८१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' नाव दिलं होतं, हर्ष देणारी. दहा एक्यांच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८२, सम. संख्या मात्र विषम, म्हणजे तिथे भाग जाण्याचा प्रश्नच नाही. इथे मात्र १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९, त्यामुळे वर्गात ९ दोनदा येणारच. हे मी तिला सांगितलं नाही. खोक्याच्या झाकणावर तिने भागाकार मांडला, बराच वेळ मान वर केली नाही. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. बाकी शून्य.